डॉ. सलीम अली : पाखरांचा शजरा मांडणारा माणूस

आपल्या खेड्यापाड्यांत एकाच आडनावाची पाच-दहा घरे सहज सापडतात. म्हणून ती सगळी घरे एकमेकांची भाऊबंद असतातच असे नाही. उलट मामाच्या मुलाचे आडनाव वेगळे, गाव वेगळे, तरी नाते रक्ताचे. खरे नाते ठरवावयाचे असेल तर आडनावावर भागत नाही, शजरा पाहावा लागतो. म्हणजेच वंशावळ पाहावी लागते.

सजीवांच्या बाबतीतही हेच आहे. वटवाघूळ उडते, पण ते पाखरू नव्हे. ते पिल्लाला दूध पाजते, म्हणून त्याचे नाते गाय-मांजराशी. याउलट डोंगरातला मोर, माळावरचा तितर आणि आपल्या दारातली कोंबडी यांचे रंगरूप किती निराळे! तरी शास्त्रज्ञांनी तिघांना एकाच कुलात बसविले आहे. कोण कोणाचा सगा आणि कोण केवळ दिसायला सारखा, हे शोधून काढणाऱ्या शास्त्राला वर्गीकरणशास्त्र म्हणतात. या शास्त्रात आपल्या देशाचे नाव ज्यांनी जगभर नेले, त्या डॉ. सलीम अली यांचे चरित्र आज आपणापुढे ठेवीत आहे. पाखरे ओळखणारा मोठा माणूस एवढीच त्यांची ओळख पुरेशी नाही. वस्तूला चिकटविलेली चिठ्ठी खरी की खोटी, हे पुन्हा तपासून पाहण्याची त्यांची सवय विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी अधिक ध्यानात घेण्यासारखी आहे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील मोईजुद्दीन वारले आणि तीन वर्षांचे असताना आई झीनतउन्निसा यांचेही छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी खेतवाडीतील आपल्या घरी या पोरक्या भाच्याचा सांभाळ केला.

मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी भाच्याला छऱ्यांची छोटी बंदूक आणून दिली. त्या बंदुकीने एके दिवशी एक चिमणी पडली. मुलाने ती उचलून पाहिली, तर गळ्यावर पिवळा ठिपका! घरातल्या चिमणीला असा ठिपका नसतो. मग ही चिमणी कोणती? मुसलमानाने ती खावी की खाऊ नये, हाही प्रश्न त्या बालमनात होताच. मामांना सांगता आले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जुने सभासद होते. त्यांनी मुलाला सोसायटीचे सचिव मिलर्डसाहेब यांच्याकडे धाडले. ही गोष्ट १९०८ सालची.

मिलर्डसाहेबांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखले आणि संग्रहातील खण उघडून तशाच भरलेल्या पाखरांची रांग दाखविली. प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली होती. पाखरू कोठे मिळाले, कोणत्या तारखेस मिळाले, कोणी आणले, याची त्यावर नोंद. हजारो पाखरे आणि हजारो चिठ्ठ्या! मुलाच्या मनाने त्या दिवशी जी वाट धरली, ती पुढे सुटली नाही.

शाळेत मात्र हा मुलगा हुशार गणला गेला नाही. गिरगावातील मिशन शाळेत व नंतर सेंट झेवियर्समध्ये त्यांचे शिक्षण चालू असता डोकेदुखीचा विकार जडला. अभ्यास वरचेवर खंडित होई. कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. १९१३ साली ते मॅट्रिक झाले, तेही कसेबसे. कॉलेजचे पहिले वर्ष जड गेले, तेव्हा १९१४ मध्ये घरच्यांच्या वुल्फ्रॅमच्या खाणीचा व लाकडाचा व्यवसाय पाहण्यासाठी ते ब्रह्मदेशात तव्हाय येथे गेले. भोवती घनदाट अरण्य! धंद्यापेक्षा त्यांचे लक्ष त्या अरण्यातील पाखरांकडेच अधिक राहिले.

१९१७ मध्ये ते मुंबईस परतले. उपजीविकेसाठी दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्र शिकू लागले. परंतु सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासाकडे त्यांना वळविले. शिक्षकबंधूंनो, विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेपलीकडे पाहणारा एक गुरू आयुष्यात भेटला, तर काय घडू शकते याचे हे उदाहरण आहे. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाच्या जागेसाठी त्यांनी प्रयत्न केला. परंतु विद्यापीठाची रीतसर पदवी नाही म्हणून ती जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नव्याने उघडलेल्या प्राणिसृष्टी विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना दरमहा ३५० रुपयांवर नेमण्यात आले. दोन वर्षांत त्यांना उमगले की केवळ हौसेवर हे शास्त्र साधणार नाही. १९२८ मध्ये रजा घेऊन त्यांनी जर्मनी गाठली.

बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान हे त्या काळचे श्रेष्ठ पक्षिशास्त्रज्ञ काम करीत. त्यांच्याजवळ सलीम अलींनी पद्धतशीर धडे घेतले. एर्न्स्ट मायर, बेर्नहार्ड रेन्श असे पुढे जगप्रसिद्ध झालेले तरुण तेथे भेटले. ब्रह्मदेशातून आलेल्या पाखरांचे नमुने तपासण्याचे काम हाती होते. पंखांची लांबी मोजावयाची, चोच मोजावयाची, रंगांच्या छटा जुळवून पाहावयाच्या, असे ते चिकाटीचे काम.

वाचकहो, त्या काळी या शास्त्रात काय चालले होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सर्व प्राण्यांना दुहेरी नावे दिली. पहिले नाव प्रजातीचे, दुसरे जातीचे. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड शाळेत आपण शिकतो. तिचा पाया त्याचाच, जरी संघ व कुल या पायऱ्या नंतर जोडल्या गेल्या. परंतु लिनियसची मांडणी मुख्यत्वे दिसण्यावर होती. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ आला आणि प्रश्नच पालटला. एका पूर्वजापासून फांद्या फुटत अनेक जाती निर्माण झाल्या असतील, तर वर्गीकरण हे नुसते कप्पे न राहता शजरा झाले पाहिजे. बर्लिनमधील ही मंडळी त्याच विचाराने चालली होती. खणातले एक पाखरू म्हणजे जात नव्हे. आपसांत जोड्या जमवून वंश चालविणारा सगळा समुदाय म्हणजे जात. डोंगर, समुद्र किंवा अंतर आड आले म्हणजे समुदायाच्या शाखा अलग पडतात, आणि कालांतराने त्यांच्या निराळ्या जाती होतात. म्हणून मेलेल्या पाखराचे माप घेणे जितके आवश्यक, तितकेच जिवंत पाखराचे वागणे पाहणेही आवश्यक. हा धडा घेऊन सलीम अली १९३० मध्ये मायदेशी परतले.

परत येऊन पाहतात तो पैशाअभावी म्युझियममधील त्यांची जागाच रद्द झालेली! मुंबईत घरखर्च झेपेना. मग पतिपत्नी अलिबागजवळ समुद्रकाठच्या किहीम गावी राहावयास गेली. तेथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. नोकरी गेलेल्या या माणसाने पावसाळाभर त्या वसाहतीचे निरीक्षण केले.

आपल्या नारायणगडाच्या शिवारातही विहिरीवर वाकलेल्या बाभळीला असे खोपे लोंबताना दिसतात. आपण सुगरण म्हणतो आणि ती बाईमाणूस असल्याचे गृहीत धरतो. वास्तविक खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन पारख करतात. मादीने खोपा पसंत केला म्हणजे नर तो पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की हा लगेच दुसरा खोपा सुरू करून दुसऱ्या मादीस बोलावू लागतो. अशी एकामागून एक घरे मांडण्याची रीत सलीम अलींनी बारकाईने नोंदविली आणि १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या लेखाने त्यांची ओळख जगातील तज्ज्ञांना झाली. आणखी एक मौज पाहा. या पाखराच्या शास्त्रीय नावात फिलिपाईन्सचा उल्लेख आहे, पण फिलिपाईन्स हा मुळात त्याचा मुलूखच नव्हे. लिनियसने १७६६ साली चुकीच्या माहितीवर नाव दिले, आणि पहिले नाव मोडावयाचे नाही या शास्त्राच्या नियमामुळे ते आजतागायत चालू आहे. नाव मिळाले म्हणजे ज्ञान झाले असे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

आता आपल्या मुलखाशी त्यांचा जो संबंध आला तो सांगतो. त्या काळी देशातील अनेक संस्थानांत कोणती पाखरे आहेत याची पाहणीच झालेली नव्हती. सलीम अलींनी तोडगा काढला. वेतन नको, फक्त प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्या, मी पाहणी करून देतो! निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी १९३१ मध्ये सुरू झाली. आपला बीड जिल्हा व सारा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तेहमिना बेगम तंबूच्या मुक्कामांत त्यांच्यासोबत असत. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांच्या पाहण्या झाल्या.

हैदराबादच्या नमुन्यांवर इंग्रज तज्ज्ञ ह्यू व्हिसलर यांनी टिपणे लिहिली. या व्हिसलरसाहेबांशी त्यांची ओळख एका वादातून झाली होती. भृंगराज या काळ्या पाखराच्या शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पानासारखे झुबके असतात. तो झुबका पिसाच्या कोणत्या बाजूचा, याविषयी जुन्या पुस्तकांतील चूक व्हिसलरनीही पुढे चालविली होती. सलीम अलींनी दाखवून दिले की पिसाच्या दांड्याला पीळ असतो, म्हणून बाजू उलटी भासते. एका अनोळखी हिंदी तरुणाने आपली चूक काढावी याचा साहेबांना प्रथम राग आला. परंतु त्यांनी आपले नमुने पुन्हा तपासले, चूक मान्य केली आणि पुढे ते सलीम अलींचे जिवलग स्नेही झाले. येथे दोघांचाही मोठेपणा आहे. पुस्तकात छापले आहे म्हणून न मानता एकाने पाखरू पाहिले. दुसऱ्याने मान दुखावला तरी पुरावा नाकारला नाही.

१९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम यांचे निधन झाले. हा आघात फार मोठा होता. त्यानंतर ते बहीण कामू व मेहुणे हसन अली यांच्या घरी राहिले आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी कामाला वाहिले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. सामान्य वाचकाच्या हाती पाखरे ओळखण्याचे साधन आले ते यामुळे. १९६४ ते १९७४ या काळात अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत व पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. शेवटचा खंड निघाला तेव्हा त्यांचे वय ७७ होते.

मात्र चिठ्ठी खोटी असली म्हणजे केवढे नुकसान होते, त्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील आहे. पिंगळा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचाच एक नातलग रानपिंगळा. १८८४ नंतर तो कोणाला दिसला नव्हता. परंतु कर्नल माइनर्त्झहागेन या इंग्रज संग्राहकाकडील एका नमुन्यावर गुजरातेतील मांडवी आणि १९१४ साल अशी नोंद होती. हे कर्नल १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेत सलीम अलींसोबत होते. त्या चिठ्ठीवर विसंबून सलीम अली व रिप्ले यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. पुढे अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासले, तेव्हा तो नमुना जुन्या संग्रहातून चोरलेला आणि चिठ्ठी बनावट असल्याचे निष्पन्न झाले. खोटी चिठ्ठी बाजूला सारून त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी खऱ्या जुन्या नोंदींची ठिकाणे पालथी घातली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी! सलीम अली हे पाहावयास नव्हते. २०१८ साली आनुवंशिक द्रव्याच्या, म्हणजे डीएनएच्या, अभ्यासातून तो पिंगळ्याच्याच प्रजातीतला असल्याचे दिसून आले.

पेशीपेशीत लिहिलेला हा जणू खरा शजराच आहे. त्याच्या वाचनाने सलीम अलींच्या ग्रंथांतील काही मांडणीही बदलली. घरची चिमणी व सुगरण यांना त्यांच्या काळी एका कुलात धरीत. आता ती दोन निराळी कुले मानतात. बालपणी हाती आलेल्या त्या पीतकंठी चिमणीची प्रजातीही बदलण्यात आली आहे. यात त्यांचा कमीपणा नाही. त्यांनी तारीखवार, ठिकाणवार प्रामाणिक नोंदी ठेवल्या म्हणूनच पुढच्या पिढीला दुरुस्ती करता आली.

त्यांच्या नावाच्या प्राण्यांची कथाही अशीच आहे. १९४८ साली तामिळनाडूच्या डोंगरात मिळालेले एक फळे खाणारे वटवाघूळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात नेहमीच्या जातीच्या चिठ्ठीखाली पडून होते. १९७२ मध्ये थायलंडचे किट्टी थाँगलाँग्या यांनी ते पुन्हा तपासले, तो जातच काय, प्रजातीही नवी! तिला सलीम अलींचे नाव देण्यात आले. पुढे २००९ साली अरुणाचल प्रदेशात पेर ऑल्स्ट्रॉम व शशांक दळवी यांना असे आढळले की एकच समजला जाणारा कस्तूर पक्षी उघड्या डोंगरमाथ्यावर एक गाणे गातो आणि खालच्या जंगलात दुसरे. कान सावध असल्यामुळे हा भेद सापडला. मग अनेक देशांच्या संग्रहालयांतील नमुने मोजले गेले, डीएनए पाहिले गेले, आणि २०१६ मध्ये जंगलातील कस्तुराला निराळी जात ठरवून सलीम अलींचे नाव दिले गेले. निराळी जात म्हणून ओळख पटल्याशिवाय तिच्या रक्षणाचा विचारही होत नाही, हे येथे लक्षात ठेवावे.

ज्यांना पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली गेली, त्यांना १९५८ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. पुढे दिल्ली व आंध्र विद्यापीठांनीही तसाच गौरव केला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व असे मानसन्मान लाभले. २० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. छत्रपती संभाजीनगरात, पूर्वीच्या औरंगाबादेत, दिल्ली दरवाजाजवळचा जुना तलाव आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तिकडे जाणे झाले तर अवश्य पाहावा.

पालकहो, आपणही मुलांना चिठ्ठ्या लावीत असतो. हा हुशार, तो ढ, ही शिकून काय करणार! एकदा चिठ्ठी लागली की पोर वर्षानुवर्षे त्याच खणात पडून राहते, त्या वटवाघळासारखे. कसाबसा मॅट्रिक झालेला, वरचेवर शाळा बुडविणारा एक पोरका मुलगा पुढे काय झाला, हे आपण पाहिले. मामांनी त्याचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही, मिलर्डसाहेबांनी खण उघडून दाखविला, फादर ब्लॅटर यांनी गुणांपलीकडे पाहिले. तिघांनीही चिठ्ठी बाजूला ठेवून मुलगा पाहिला.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला बंदूक नको, दुर्बीणही नको. दोन आण्यांची वही तर आता मिळत नाही, पण साधी वही पुरे. बांधावर, विहिरीवर, शाळेच्या कुंपणावर जे पाखरू दिसेल त्याची तारीख, जागा आणि वागणूक लिहून ठेवा. नाव ठाऊक नसेल तर नावाची जागा कोरी सोडा. कोरी जागा उद्या भरता येते. खोटी भरली तर शंभर वर्षे लोकांना चुकीच्या रानात हिंडविते.